टबाची जिवाणी

भरमूनं टँकरची नळी टबात सोडली. आता तो चावी फिरवणार, एवढ्यात कमलाबाई दुहेरी घडी केलेलं पांढरं गाळणं घेऊन परड्यात आल्या.

"थांब रं. गाळल्याबिगर पाणी आत जायचं न्हाय."

भरमूनं मदतीसाठी त्यांच्या यजमानांकडं, म्हणजे कलगोंडा मगदूमांकडं पाहिलं. साऱ्या गावाचे आप्पा असलेले कलगोंडा त्या वेळी माडावर किती नारळ लागलेत ते मोजत होते. लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या माणसाला कुठं बोलायचं आणि कुठं नारळ मोजायचे हे आपोआप कळतं.

"आक्का, नवशे लिटर हाय हे," भरमू म्हणाला. "इतकं कोण दूधबी गाळत न्हाय."

"दूध प्यायचं असतंय. ह्यात माणूस बसायचाय. धर कडा."

एरवी पंधरा मिनिटांत टँकर रिकामा करणारा भरमू पावणेदोन तास गाळण्याची कड धरून उभा राहिला. त्याच्या खिशातला फोन सारखा वाजत होता आणि घ्यायला हात मोकळा नव्हता. पाणी भरून झाल्यावर कमलाबाईंनी गाळणं उलटं केलं, त्यावरून तांब्याभर गाळलेलं पाणी ओतलं आणि कापडाला चिकटलेले डोळ्यांना न दिसणारे जीव एका छोट्या कळशीत उतरवून घेतले.

"ही जिवाणी," कळशी भरमूच्या हातात देत त्या म्हणाल्या. "ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत सोडायची. दुसरीकडं सोडलीस तर जगत न्हाईत ती."

भरमूची पुढची खेप त्याच विहिरीवर होती. तो मुकाट्यानं कळशी शेजारच्या सीटवर ठेवून गेला.

हा टब आप्पांनी मागवलेला नव्हता. त्यांचा मुलगा जिनेंद्र बेळगावात टिळकवाडीला राहतो. त्यानं तो अपार्टमेंटच्या गच्चीसाठी मोबाइलवरून मागवला होता. फुगवायचा, पाणी भरायचं, बटण दाबायचं, की यंत्र पाणी तापवतं, फिरवतं, गाळतं आणि बुडबुडे सोडतं. पण सोसायटीच्या सेक्रेटरींनी हिशेब केला की नऊशे लिटर पाणी म्हणजे जवळजवळ एक टन, आणि गच्चीच्या बरोबर खाली त्यांचाच पलंग आहे. तेव्हा पुढच्या रविवारी जिनेंद्र टब गाडीत घालून निपाणीजवळच्या आपल्या गावी आला आणि जणू पहिल्यापासून तोच बेत असल्यासारखा म्हणाला, "आप्पा, तुमच्या गुडघ्यांसाठी आणलंय."

गुडघ्यांचं मात्र खरं होतं. उभी जवानी तंबाखूच्या वखारीत उकिडवं बसून गेल्यामुळं आप्पांचे गुडघे आता बसताना एकदा आणि उठताना दोनदा बोलत. त्यातून घरात पाणी कमलाबाईंच्या हातात, आणि त्या पाणी वाढत तुपाच्या हातानं. सकाळी दीड बादली, जैनांच्या दशलक्षण पर्वात एक. गुडघे भिजवले की पाठ कोरडी आणि पाठ भिजवली की गुडघे गार, अशी चाळीस वर्षं काढलेल्या आप्पांनी परड्यात फुगलेली ती भलीमोठी करडी चुंबळ पाहिली आणि त्यांच्या मनात एकच इच्छा घर करून बसली. एकदा, फक्त एकदाच, गळ्यापर्यंत कढत पाण्यात बसायचं. कुणाशी एक शब्द न बोलता.

पाणी तापायला एक दिवस लागेल असं जिनेंद्र सांगून गेला होता. निपाणी भागातली वीज त्यानं हिशेबात धरली नव्हती. पौषातली थंडी, आणि वीज आली की पाणी चार डिग्री चढायचं, गेली की दोन उतरायचं. आप्पा खुर्ची टाकून यंत्रावरचा आकडा बघत बसले. सव्वीस झाले, अठ्ठावीस झाले. तिसाला कमलाबाई चष्मा लावून खोक्यातलं बाकीचं सामान तपासायला बसल्या आणि त्यांच्या हाती पांढऱ्या गोळ्यांचा डबा लागला.

"ह्या कशाला?"

"पाण्यात टाकायच्या. पाणी चांगलं ऱ्हातंय," आप्पा सावधपणे म्हणाले.

"कसं ऱ्हातंय?"

आप्पांनी डबा काढून घ्यायला हात पुढं केला. डब्यावर किड्यासारखं काहीतरी काढून त्यावर लाल फुली मारलेली होती. ती कमलाबाईंना दिसली.

"जंतू मारायचं औषध हाय हे. आपल्या घरात? तुमच्या गुडघ्यांपायी?"

त्यांनी लगेच जिनेंद्रला फोन लावला. जिनेंद्र म्हणाला, "आई, औषध न्हाय टाकलं तर चार दिवसांत पाणी वास मारंल."

"मी लवंग टाकते," कमलाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

यात त्यांचं चुकत होतं असं नाही. गाळलेल्या पाण्यात लवंगेची पूड टाकली की ते सहा तास प्रासुक, म्हणजे निर्जीव राहतं. मुनिमहाराज आहाराला यायचे असले की त्यांच्या घरी हेच होत आलं होतं. फरक इतकाच, की तिथं एका कळशीचा प्रश्न असे. कमलाबाईंनी घागरीला चार लवंगा असा हिशेब धरला, टबात साठ घागरी बसवल्या आणि दोनशे चाळीस लवंगा मिक्सरमधून काढल्या. हे दर सहा तासांनी. संध्याकाळपर्यंत परड्यातून मसालेभाताचा असा वास सुटला, की शेजारच्या दोन घरांतून कुणाचं काही कार्य आहे का अशी चौकशी झाली.

आप्पांना त्याचं काही नव्हतं. मसालेभात तर मसालेभात, कढत असला म्हणजे झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला आकडा चाळीसवर आला. आप्पांनी पंचा नेसला, टबाच्या फुगीर कडेवर हात टेकला आणि उजवा पाय उचलला. पाय अधांतरी असतानाच यंत्र तीन वेळा ओरडलं आणि तांबडा दिवा लागला. बुडबुडे थांबले.

"फिल्टर तुंबलाय, आप्पा," फोनवर जिनेंद्र म्हणाला. "काढून नळाखाली धुवा. पाच मिनिटांचं काम हाय."

आप्पांनी फिल्टर काढला. लवंगेच्या पुडीनं तो काळाकुट्ट झाला होता. ते नळाकडं निघाले, पण कमलाबाई नळाच्या आधी उभ्या होत्या.

"तिथं न्हाय धुवायचं. पातेल्यात धुवा. गाळण्याची जिवाणी होती, तशी ह्याचीबी जिवाणीच की. विहिरीत सोडून या."

कमलाबाईंशी वाद घालण्याइतके आप्पा भोळे नव्हते. पण उचललेला पाय परत खाली ठेवावा लागलेला माणूस काहीही करतो.

"हे बघ," ते म्हणाले, "लवंगेनं पाणी निर्जीव झालंय, असं तूच म्हणतीस. मग जिवाणी कशाची?"

"लवंग सा तासांची असती. रात्री धाला टाकल्याली पहाटं चारला संपली. मी उठले साडेपाचला. मधल्या दीड तासाचं काय?"

आप्पांनी त्या दीड तासाचा बराच विचार केला. त्यातून वाट निघेना. त्यांनी भरमूला फोन लावला.

"भरमू, परवाचं पाणी कुठल्या विहिरीचं रं?"

"का? गोड न्हाय काय?"

"गोड हाय. पण कुणाच्या विहिरीचं?"

फोनमध्ये नुसतं टँकरचं इंजिन ऐकू आलं. मग भरमू म्हणाला, "आप्पा, तुमी रागाला येणार न्हाय न्हवं? घरच्या बोअरचं पाणी यंत्राला चालत न्हाय म्हणाला तुमी. ह्या भागात गोड पाणी एकच हाय. सातगोंडा अण्णांचं."

सातगोंडा हे आप्पांचे सख्खे थोरले भाऊ. दोघांच्यात अकरा वर्षं बोलणं नव्हतं. अकरा वर्षांपूर्वी गावात नव्या मूर्तीची पंचकल्याण पूजा झाली, तेव्हा मिरवणुकीत इंद्र होऊन हत्तीवर बसायचा मान मगदूम भावांनी मिळून घेतला होता. ऐनवेळी हत्तीवर सातगोंडा बसले, त्यांची बायको बसली, आणि उरलेल्या जागेत तिचा हुबळीहून आलेला भाऊ बसला. डोक्यावर पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट घातलेले आप्पा बसस्टँडपर्यंत हत्तीच्या मागून चालत गेले. तेव्हापासून त्यांनी भावाचं तोंड पाहिलं नाही, भावाच्या घरचं पाणी प्यायले नाहीत, आणि आज सकाळी त्याच पाण्यात गळ्यापर्यंत बसायला निघाले होते.

"मी दुसऱ्या विहिरीत सोडून येतो," आप्पा कमलाबाईंना म्हणाले.

"एकाच्या घरचं पोर उचलून दुसऱ्याच्या दारात ठिवाल काय?"

"त्याच्या विहिरीवर मी पाऊल ठिवणार न्हाय."

"ठिवू नगा. मग यंत्रबी सुरू व्हायचं न्हाय."

कमलाबाई चुलीकडं गेल्या. आप्पा खुर्चीत बसून राहिले. दहा वाजता आकडा अडतीस होता, अकराला सदतीस. आकड्याबरोबर आप्पांचा स्वाभिमानही एकेक डिग्रीनं उतरत होता. छत्तीस झाले तेव्हा ते उठले.

सातगोंडा वस्तीवर राहायचे आणि विहीर घराच्या मागं, उसाला लागून होती. दुपारी जेवून थोरले झोपतात, हे आप्पांना लहानपणापासून माहीत होतं. ते त्या वेळेला गेले. जिवाणी वरून ओतायची नसते. जीव आपटतात. त्यासाठी बुडाला कडी असलेली खास बादली असते. ती दोरानं अलगद पाण्यापर्यंत सोडायची आणि मग कडीची दोरी ओढून तिथं कलती करायची. आप्पांनी इकडंतिकडं पाहिलं, विहिरीत वाकले, ओठांतल्या ओठांत णमोकार मंत्र म्हणत बादली खाली सोडली, कलती केली आणि उसातून वाकून वाकून परत आले.

घरी येऊन फिल्टर बसवला तर वीज गेलेली. रात्री आली. सकाळी पाणी एकोणचाळीसला पोचलं आणि आप्पा पंचा नेसेपर्यंत पुन्हा लवंगेनं फिल्टर तुंबला. दुपारी पुन्हा विहीर. तिसऱ्या दिवशी तेच. आता तर आप्पांना पाय उचलायचीही गरज वाटेना. सकाळ झाली की ते सरळ पातेलं घेऊन बसत.

पण तिसऱ्या दिवशी सातगोंडा झोपले नव्हते. पहिल्याच दुपारी त्यांनी खिडकीतून पाहिलं होतं. अकरा वर्षं न फिरकलेला भाऊ चोरासारखा येतो, विहिरीत वाकतो, काहीतरी पुटपुटतो, दोरानं भांडं खाली सोडतो आणि पळून जातो. त्यांनी जाऊन पाण्याचा वास घेतला होता. लवंगेचा वास. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं आणि पाण्यावर काळी पूड तरंगताना दिसली. लवंग आणि पुटपुटणं हे दोन्ही एकत्र दिसल्यावर माणसाच्या मनात काय येतं ते सांगायला नको. तिसऱ्या दिवशी आप्पांची बादली अर्ध्यावर गेली आणि पाठीमागून आवाज आला.

"काय टाकालायस रं माझ्या विहिरीत?"

आप्पांना हे अपेक्षित नव्हतं. भाऊ पहिल्यांदा बोलेल तेव्हा त्याला काय सुनवायचं, ते त्यांनी अकरा वर्षं घोटून तयार ठेवलं होतं. त्यात हत्ती होता, मुकुट होता, हुबळीचा मेव्हणा होता. त्यातलं काहीच तोंडात आलं नाही.

"जिवाणी," ते म्हणाले.

"कशाची?"

"टबाची."

सातगोंडांच्या पाठीशी भरमू उभा होता. साक्षीदार म्हणून त्याला टँकरवरून बोलावून आणलं होतं. त्यानं मान खाली घातली.

"टब म्हंजे? आनि लवंग कशाला? मी काय खुळा हाय?" सातगोंडा म्हणाले. "गावात चार माणसांम्होरं सांगशील काय हे?"

सहासष्टाव्या वर्षी विहिरीवर करणी करताना सापडला असं गावात झालं, तर देवळात जायची सोय राहायची नव्हती. त्यांनी बादलीचा दोर हातात धरूनच सगळं सांगितलं. जिनेंद्र, सेक्रेटरी, गुडघे, गोळ्या, लवंग, फिल्टर. मधला दीड तासही सांगितला.

सातगोंडा ऐकत होते. त्यांचा एका शब्दावर विश्वास बसलेला दिसत नव्हता. शेवटी त्यांनी विचारलं, "मधल्या दीड तासाचं कोण म्हणालं?"

"कमला."

"मग खरं असंल," सातगोंडा म्हणाले आणि लगेच निवळले. "पण पाणी माझ्या विहिरीचं. जिवाणीबी माझी. तू तिथं कशी ठिवलीयास ते मला बघाय पायजे. चल."

भरमू टँकरकडं गेला. दोघे भाऊ घराकडं निघाले, एक पुढं आणि एक दहा पावलं मागं. कमलाबाईंनी थोरल्या दिरांना पाहिलं, डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि त्या अशा सहजपणे पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, की जणू ते कालच येऊन गेले होते. वीज होती. धुतलेला फिल्टर आप्पांनी बसवला. आकडा एकोणचाळीस होता आणि बघता बघता चाळीस झाला.

सातगोंडांनी टबाभोवती एक फेरी मारली, पाण्यात बोट घातलं, मग कोपरापर्यंत हात घातला.

"असं कळायचं न्हाय," ते म्हणाले. त्यांनी सदरा काढून माडाच्या खिळ्याला अडकवला, धोतराचा काचा मारला आणि सरळ आत जाऊन बसले.

तीन दिवस ज्या पाण्यात आप्पांचं अंगठ्याचं नखही भिजलं नव्हतं, त्यात सातगोंडा हनुवटीपर्यंत गेले. त्यांनी डोळे मिटले. आप्पा पंचा हातात घेऊन बाजूला उभे होते. पाच मिनिटं झाली, दहा झाली, वीस झाली.

"तपासून झालं काय?" आप्पांनी विचारलं.

"अजून न्हाय." मग एक डोळा उघडून सातगोंडा म्हणाले, "तू का हुबारलायस? ये की. सरकतो मी."

ते खरोखरच सरकले. आप्पांनी हातातला पंचा घाईनं नेसला. मग पाय उचलला, आणि यंत्र तीन वेळा ओरडलं.

"हे रोज असंच हाय काय?" सातगोंडांनी विचारलं.

"रोज."

"कमला, लवंगेची पूड मोकळी कशाला टाकतीस गं? पुरचुंडी बांधून सोड की. मसाल्याची सोडतीस तशी."

"व्हय की," कमलाबाई म्हणाल्या. आप्पांनी पुन्हा माडाकडं पाहिलं. नारळ अठरा होते, मागं मोजले तेवढेच.

सातगोंडा आता रंगात आले होते. अंग पुसत ते म्हणाले, "आनि रोज जिवाणी घेऊन ह्यो उसातनं वाकून येणार. त्यापरीस टबच विहिरीवर न्या. वस्तीवर माझी लाइन चांगली हाय. फिल्टर धुतला की दहा पावलांवर विहीर. काय गं?"

कमलाबाईंनी या बेतात खोट शोधून पाहिली. पाणी विहिरीशेजारी राहणार होतं, जिवाणी वेळेवर घरी पोचणार होती, आणि त्यांचं परडं मोकळं होणार होतं. खोट सापडली नाही. आप्पांना कुणी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून टब वस्तीवर गेला आणि त्याच्या मागून आप्पा चालत गेले.

दोन दिवसांनी पाणी तापलं. पुरचुंडीमुळं फिल्टर गप्प होता. सकाळी आठला अखेर आप्पा टबात उतरले आणि गळ्यापर्यंत बुडाले. गुडघे आणि पाठ एकाच वेळी गरम होणं म्हणजे काय, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळलं. त्यांनी डोळे मिटले. समोरून पाणी हिंदकळलं आणि सातगोंडा बोलायला लागले.

टब गोल होता. त्यात दुसऱ्याकडं पाठ करून बसायची काही सोय नाही. सातगोंडांकडं अकरा वर्षांचं बोलणं शिल्लक होतं आणि ते त्यांनी पहिल्या वर्षापासून घेतलं. साखरेचा आजार कधी लागला, मोतीबिंदूचं ऑपरेशन कुठल्या डोळ्याचं आधी झालं, जावई कसा निघाला, ऊसतोडीची पाळी कुणी पुढं ढकलली. मध्येच हत्ती आला.

"लई हाल झाले बघ माझे त्या दिवशी," ते म्हणाले. "मेव्हण्याचं कोपर बरगडीत, हत्तीचं केस मांडीला टोचालेत, आनि खाली उतरायला शिडीच गावंना. वरनं तू दिसालातास. आरामात चालालातास, रसाचा गिलास हातात. तवा वाटलं, कलगोंडा सुटला."

आप्पांनी डोळे उघडले. रस प्यायलेला त्यांना आठवला. चांगला होता. ते काही बोलणार, एवढ्यात सातगोंडा मोतीबिंदूकडं परत वळले. तासाभरानं आप्पा बाहेर आले तेव्हा गुडघे हलके आणि डोकं जड झालं होतं. अबोल्याची अकरा वर्षं किती शांततेत गेली, हे त्यांच्या पहिल्यांदा लक्षात आलं. असंच तीन दिवस चाललं.

चौथ्या दिवशी आप्पा मुद्दाम सातलाच वस्तीवर पोचले. घरात अजून आवाज नव्हता. उसावर धुकं होतं. त्यांनी झाकण काढलं, आवाज न करता आत उतरले आणि पाय लांब सोडून बसले. सगळा टब त्यांचा होता. कुणी बोलत नव्हतं. ज्यासाठी एवढं रामायण झालं ते अखेर जसंच्या तसं मिळालं होतं, आणि पाच मिनिटं आप्पांना इतकं सुख झालं की ते एकटेच हसले.

दहा मिनिटांनी त्यांनी पाय जवळ घेतले. समोरच्या रिकाम्या बाजूला नुसते बुडबुडे येत होते. काल जावयाची गोष्ट कुठं थांबली होती ते त्यांना आठवेना. मोतीबिंदूचा दुसरा डोळाही राहिलाच होता. आणखी दोन मिनिटं त्यांनी कशीबशी काढली, मग घराकडं तोंड करून हाक मारली.

"अण्णा, यायचं असलं तर लवकर ये बाबा. पाणी गार व्हालंय."

आतून कडी वाजली. आप्पांनी घाईनं बाजूला ठेवलेला पंचा उचलला आणि यंत्रावरच्या चाळीसच्या आकड्यावर टाकला.